इथिलीन : फळे पिकविणारा आणि पेट घेणारा वायू

मार्च उजाडला की पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात कोकणातून हापूसच्या पेट्या उतरू लागतात. केळी तर बाराही महिने येतात. आंबा असो वा केळी, लांबच्या प्रवासात मऊ पडून डागाळू नये म्हणून माल कच्चाच उतरवितात आणि तो पिकविण्याचे काम बाजारपेठेच्या आसपास होते. पूर्वी हे काम पेंढ्याच्या आढीत होई. मधल्या काळात कार्बाइडच्या पुड्या आल्या. आता त्यांची जागा 'रायपनिंग चेंबर' या बंद, थंड खोल्यांनी घेतली आहे. पद्धती बदलल्या तरी या तिन्हींमागे काम करतो तो एक तर इथिलीन वायू, नाही तर त्याचा जवळचा भाईबंद ॲसिटिलीन. हे दोन्ही वायू अत्यंत ज्वलनशील आहेत.

फळाच्या आरोग्यविषयक बाजूची चर्चा दरवर्षी होते. वायूच्या ज्वलनशीलतेची मात्र फारशी होत नाही. वास्तविक जो वायू मार्केट यार्डात केळी पिवळी करतो, तोच नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात हजारो टनांनी तयार होतो आणि तेथील उंच धुराड्याच्या टोकावर ज्योत होऊन जळतानाही दिसतो. एके ठिकाणी तो निरुपद्रवी, दुसरीकडे उपयुक्त इंधन आणि तिसरीकडे प्राणघातक कसा ठरतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल. याचे उत्तर वायूच्या जातीपेक्षा त्याच्या हवेतील प्रमाणात दडलेले आहे.

दोन मर्यादांमधील धोका

ज्वलनशील वायू म्हणजे ठिणगी लागताच पेटणारा वायू, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. वायू पेटण्यासाठी त्यात हवा ठरावीक प्रमाणात मिसळलेली असावी लागते. वायू फारच कमी असेल, तर एका कणाच्या ज्वलनाची उष्णता शेजारच्या कणाला पेटविण्यास पुरत नाही. वायू फार जास्त असेल, तर ज्वलनाला लागणारा प्राणवायू अपुरा पडतो. या दोन टोकांना 'ज्वलनाची खालची मर्यादा' आणि 'वरची मर्यादा' म्हणतात. मिश्रण या दोन मर्यादांच्या मध्ये असेल तरच ज्योत एका जागेहून दुसरीकडे धावते.

सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ च्या सुमारास कोळसा खाणींतील वायूवर प्रयोग करून या गोष्टीचा पाया घातला आणि त्यातूनच खाणकामगारांचा सुरक्षित दिवा जन्मला. पुढे अमेरिकेच्या खाण विभागाने शेकडो वायूंच्या मर्यादा मोजल्या. आज जगभरचे अभियंते जे आकडे वापरतात, त्यांतील बरेचसे त्या मोजणीतून आले आहेत.

सीएनजी आणि पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूतील प्रमुख घटक मिथेन. त्याची मर्यादा ५ ते १५ टक्के आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाची मर्यादा साधारण २ ते ९ टक्के आहे. इथिलीनची २.७ ते ३६ टक्के आहे. ॲसिटिलीनची मात्र २.५ टक्क्यांपासून सुरू होऊन ८० टक्क्यांच्याही पुढे जाते. दाब वाढला तर शुद्ध ॲसिटिलीन हवेविनाही विघटन पावून स्फोट घडवू शकतो. मर्यादांमधील अंतर जितके मोठे, तितका वायू हाताळण्यास अवघड.

रस्त्यावरच्या दिव्यांपासून आढीपर्यंत

इथिलीन आणि झाडे यांचे नाते जगाला कळले तेच मुळी जळणाऱ्या वायूमुळे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत कोळशापासून काढलेल्या वायूवर रस्त्यावरचे दिवे चालत. जमिनीखालच्या नळांतून हा वायू गळे, तेथील झाडांची पाने अकाली गळून पडत. १९०१ मध्ये रशियातील दिमित्री नेल्युबोव्ह यांनी या मिश्रणातील इथिलीन हाच त्याला कारणीभूत असल्याचे दाखवून दिले. कॅलिफोर्नियात लिंबे पिवळी करण्यासाठी बंद खोलीत रॉकेलचे स्टोव्ह पेटवून ठेवीत. रंग उष्णतेने येतो, असे व्यापाऱ्यांना वाटे. १९२४ मध्ये डेनी यांच्या संशोधनाने उलगडा झाला की, स्टोव्हच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा इथिलीन हे काम करीत होता. १९३४ मध्ये इंग्लंडमधील गेन यांनी फळे स्वतःच इथिलीन तयार करतात, हे सिद्ध केले.

आपल्याकडे केळ्यांना धुरी देण्याची पद्धत होती, तिचेही रहस्य हेच. पेंढ्याच्या आढीत आंबे झाकून ठेवले की फळांनी सोडलेला इथिलीन तेथेच कोंडून राहतो आणि एका पिकलेल्या फळामुळे शेजारची फळे लवकर पिकतात. घरी कागदी पिशवीत कच्च्या आंब्यांबरोबर एक पिकलेले केळे ठेवण्याचा उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे. येथे वायूचे प्रमाण अत्यल्प असल्याने आगीचा कोणताही धोका नाही.

रायपनिंग चेंबरचे गणित

व्यापारी पातळीवर मात्र इथिलीन बाहेरून सोडावा लागतो. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये फळे पिकविण्यासाठी इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिली. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील भाग. टक्केवारीत हे प्रमाण ०.०१ भरते. ज्वलनाची खालची मर्यादा २.७ टक्के, म्हणजे २७,००० पीपीएम आहे. फळ पिकविण्यास लागणारे प्रमाण पेटण्यास लागणाऱ्या प्रमाणाच्या २७० पट खाली आहे. नीट चालविलेले रायपनिंग चेंबर म्हणूनच आगीच्या दृष्टीने सुरक्षित असते.

आता हेच गणित उलट्या बाजूने पाहू. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ७२ घनमीटर हवा मावते. तिच्यात १०० पीपीएम प्रमाण राखण्यास अवघा ७.२ लिटर इथिलीन पुरतो. खोलीतील हवा पेटण्याजोगी होण्यास सुमारे १,९५० लिटर वायू लागेल. हा आकडा मोठा वाटतो. परंतु एक किलो इथिलीन सामान्य तापमानाला सुमारे ८७० लिटर जागा व्यापतो. म्हणजे अवघ्या सव्वादोन किलो वायूने ती खोली ज्वलनमर्यादेत येते. फळांच्या क्रेटनी खोली भरलेली असेल तर मोकळी हवा कमी उरते आणि त्याहूनही कमी वायू पुरतो. शुद्ध इथिलीनचा एक औद्योगिक सिलिंडर खोलीत उघडा राहिला, तर त्यातील वायू यापेक्षा कितीतरी अधिक भरेल. पिट्सबर्ग शहरात डिसेंबर १९३६ मध्ये केळ्यांच्या एका गोदामाची इमारत फळे पिकविण्याच्या वायूच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली होती.

यावर दोन मार्ग निघाले. पहिला, पाच-सहा टक्के इथिलीन आणि उरलेला नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण सिलिंडरमध्ये भरणे. ते खोलीत पसरताना पेटण्याची शक्यता जवळपास राहत नाही. दुसरा मार्ग इथिलीन जनरेटरचा. यात अल्कोहोल तापलेल्या उत्प्रेरकावर थेंबाथेंबाने सोडतात. त्यातील पाणी सुटते आणि इथिलीन हळूहळू तयार होतो. साठाच नसल्याने एकाएकी गळतीचा प्रश्न येत नाही. मात्र यंत्रासाठी ठेवलेले अल्कोहोल स्वतः ज्वलनशील असते, हे विसरून चालत नाही.

चेंबरमध्ये आणखी एक धोका संभवतो आणि त्याचा आगीशी संबंध नाही. पिकणारी फळे श्वसन करतात, प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू एक टक्क्याच्या पुढे गेला की पिकण्याची क्रियाही मंदावते. त्यामुळे ठरावीक वेळाने खोलीतील हवा बदलावी लागते. दार उघडून लगेच आत शिरणाऱ्या हमालाच्या जिवासाठीही हे आवश्यक आहे.

कार्बाइडचा दुहेरी धोका

कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू आणि चुना तयार होतो. ॲसिटिलीन हा इथिलीनची नक्कल करतो, पण त्याचा परिणाम बराच कमी असतो. फळाला रंग येतो, गोडी येत नाही. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असल्याने त्यातून विषारी वायूही निघतात. अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ मधील कलम ४४ एए नुसार कार्बाइडवर पिकविलेल्या फळांच्या विक्रीस मनाई होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही ती कायम राहिली.

आगीच्या अंगाने पाहिल्यास पुडीपेक्षा साठा अधिक भयंकर आहे. एक किलो बाजारी कार्बाइडपासून सुमारे ३०० लिटर ॲसिटिलीन निघतो. २.५ टक्क्यांच्या हिशेबाने तो १२ घनमीटर हवा पेटण्याजोगी करतो. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा लहानशा कोठडीएवढी ही जागा झाली. छप्पर गळके असेल, जमीन ओली असेल किंवा डबा नीट बंद नसेल, तर एवढी सामग्री एका पावसात तयार होऊ शकते. म्हणूनच देशात कार्बाइडच्या साठ्यासाठी १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत. कार्बाइडच्या आगीवर पाणी मारणे म्हणजे आगीला इंधन पुरविणे होय. तेथे कोरडी वाळू किंवा कोरडी रासायनिक पावडरच वापरावी लागते.

ठिणगी किती लहान?

मिश्रण मर्यादेत आले की ठिणगीची प्रतीक्षा असते आणि ती फार लहान असली तरी चालते. मिथेन पेटविण्यास सुमारे ०.२८ मिलीज्यूल ऊर्जा लागते. इथिलीनला ०.०७ आणि ॲसिटिलीनला केवळ ०.०२ मिलीज्यूल पुरते. कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे घातलेल्या माणसाच्या बोटातून दाराच्या कडीला बसणारा चटका काही मिलीज्यूलचा असू शकतो. विजेचे बटण दाबताना, पंख्याच्या मोटारीत किंवा शीतयंत्राच्या स्विचमध्ये उडणारी ठिणगी याहून कितीतरी मोठी असते. 'आम्ही काडी पेटवली नव्हती' हा दुर्घटनेनंतरचा खुलासा प्रामाणिक असतो, पण त्याने काही सिद्ध होत नाही.

बंद खोलीत असे मिश्रण पेटले तर दाब वातावरणाच्या सात-आठ पट होऊ शकतो. विटांची साधी भिंत त्याच्या शतांशाइतक्या जादा दाबानेही तडकू लागते. यामुळे सुरक्षिततेचा सारा भर स्फोट सोसण्यावर नव्हे, तर मिश्रण तयारच होऊ न देण्यावर असतो. वायूशोधक यंत्रेही खालच्या मर्यादेच्या दहा-वीस टक्क्यांवरच धोक्याची घंटा वाजवितात. मर्यादा गाठेपर्यंत वाट पाहण्याची सोय येथे नाही.

नागोठण्याचा धडा

मार्केट यार्डात केळी ज्या प्लास्टिकच्या क्रेटमधून येतात, ते क्रेट पॉलिइथिलीनचे असतात आणि पॉलिइथिलीन इथिलीनपासूनच तयार होते. महाराष्ट्रात या उद्योगाचे एक मोठे केंद्र रायगड जिल्ह्यातील नागोठणे आहे. मुंबई हायचा वायू उरणला येतो, त्यातून वेगळे केलेले इथेन व प्रोपेन पाइपने नागोठण्याला जातात आणि तेथील भट्ट्यांत त्यांचे तुकडे करून इथिलीन मिळवितात.

५ नोव्हेंबर १९९० रोजी, तेव्हा इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनच्या ताब्यात असलेल्या या प्रकल्पात इथेन-प्रोपेनची गळती झाली. वायूचा ढग पसरला, त्याला ठिणगी मिळाली आणि झालेल्या स्फोटात तीसहून अधिक जणांचे प्राण गेले. त्याच्या वर्षभर आधी, २३ ऑक्टोबर १९८९ रोजी, अमेरिकेतील पासाडेना येथील पॉलिइथिलीन कारखान्यात इथिलीन आणि आयसोब्युटेनचा असाच ढग पेटून २३ कामगार मृत्युमुखी पडले होते. तेथे गळती आणि स्फोट यांत दोन मिनिटांचेही अंतर नव्हते.

उघड्यावर सुटलेला वायू हवेत विरून जाईल, हा विश्वास अशा ठिकाणी फसवा ठरतो. गळतीच्या तोंडाशी वायू एवढा दाट असतो की पेटत नाही. दूरवर तो एवढा विरळ असतो की पेटत नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये कोठे तरी मिश्रण मर्यादेत असतेच आणि ढग सरकेल तसा हा पट्टाही सरकतो. रस्त्यावरील वाहन, भट्टी किंवा वेल्डिंगची ठिणगी त्या पट्ट्यात आली की पुरे.

धुराड्यावरची ज्योत

मग कारखान्यात नको असलेला वायू सोडायचा कोठे? यंत्र अचानक बंद पडले, वीज गेली किंवा दाब वाढला, तर टनावारी वायू काही मिनिटांत बाहेर काढावा लागतो. तो तसाच सोडला तर वर वर्णन केलेला ढग तयार होईल. म्हणून तो एका उंच नळीच्या टोकाशी नेऊन, आपल्या देखरेखीखाली जाळून टाकतात. या व्यवस्थेला 'फ्लेअर' म्हणतात. माहुल, उरण किंवा नागोठणे परिसरात रात्री दिसणारी ज्योत ती हीच.

फ्लेअरची रचना पाहिली की दोन मर्यादांचे तत्त्व पुन्हा समोर येते. नळीच्या आत हवा शिरू नये म्हणून थोडासा वायू सतत वाहता ठेवतात. परिणामी आतील मिश्रण वरच्या मर्यादेच्याही वर राहते आणि पेटू शकत नाही. पाण्याचा अडसर असलेली टाकी ज्योतीला मागे येऊ देत नाही. वायूबरोबर आलेले द्रव थेंब दुसऱ्या एका टाकीत खाली बसतात, नाही तर ते जळत जळत जमिनीवर पडतील. टोकावर मात्र उलट प्रकार. तेथे वायूची भरपूर हवेशी गाठ घालून मिश्रण मर्यादेत आणायचे आणि कधीही न विझणाऱ्या छोट्या ज्योतींनी ते पेटवायचे. नळीत पेटू द्यायचे नाही आणि टोकावर पेटल्यावाचून राहू द्यायचे नाही, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे.

ज्योत काळा धूर ओकू लागली तर ज्वलन अपुरे आहे, असे समजावे. इथिलीनसारखे वायू विशेष धूर करतात. त्यावर उपाय म्हणून टोकाशी वाफ सोडतात. वाफेबरोबर हवा ओढली जाते आणि काजळी कमी होते. वाफ अति झाली तर मात्र ज्योत थंड पडते आणि वायू न जळताच निसटतो. धूर नाही म्हणजे सारे आलबेल, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरेल. मिथेन न जळता सुटला तर तो हवामानासाठी कार्बन डायऑक्साइडहून कितीतरी पट घातक असतो. आणीबाणीची ज्योत अपरिहार्य असली तरी तेलविहिरींवर उपयोगाचा वायू रोज जाळत राहणे ही नासाडी होय. जागतिक बँकेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात अशी नित्याची ज्योत २०३० पर्यंत बंद करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

घरापासून गोदामापर्यंत

स्फोटक पदार्थ, पेट्रोलियम आणि दाबाखालील वायूंच्या सुरक्षिततेची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडर भरणे, साठविणे आणि वाहून नेणे यांसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. नियम असले तरी रोजची दक्षता जागेवरच्या माणसाला घ्यावी लागते.

• इथिलीनचा सिलिंडर चेंबरच्या बाहेर, सावलीत, साखळीने बांधून ठेवावा. आत केवळ मोजून वायू सोडणारी नळी जावी.
• चेंबरमधील दिवे व पंखे ज्वालारोधक असावेत, बटणे बाहेर असावीत आणि सर्व धातूचे भाग जमिनीशी जोडलेले असावेत.
• आत जाण्यापूर्वी दार उघडून हवा खेळू द्यावी. चेंबरमध्ये कोणालाही झोपू देऊ नये.
• शीतगृहात अमोनिया वापरला जात असेल तर तोही १५ ते २८ टक्के प्रमाणात पेट घेतो, याचे भान ठेवावे. त्याची विषबाधा त्याआधीच होते.
• घरात सिलिंडरच्या वायूचा वास आला तर बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. तीन मीटर लांब, रुंद व उंच स्वयंपाकघर ज्वलनमर्यादेत येण्यास सुमारे एक किलो वायू पुरतो. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत त्याहूनही लवकर साठतो.
• पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका असतो. तो छताकडे जातो, म्हणून वरची झडप किंवा खिडकी बुजवू नये.

एका दृष्टिक्षेपात : हवेतील ज्वलनमर्यादा (टक्के)

मिथेन : ५ ते १५
स्वयंपाकाचा वायू : सुमारे २ ते ९
इथिलीन : २.७ ते ३६
ॲसिटिलीन : २.५ ते ८० हून अधिक
हायड्रोजन : ४ ते ७५
कार्बन मोनॉक्साइड : १२.५ ते ७४
अमोनिया : १५ ते २८

वायू स्वतः शत्रूही नाही आणि मित्रही नाही. दहा लाखांत शंभर भाग असताना तो फळ पिकवितो आणि शंभरांत तीन भाग झाला की खोली उडवू शकतो. नागोठण्याच्या अभियंत्यापासून मार्केट यार्डातील गाळ्यावरच्या कामगारापर्यंत प्रत्येकाचे कर्तव्य एकच, ते म्हणजे हे प्रमाण मोजणे आणि मर्यादेपासून दूर राखणे. बंद खोलीत वायूचा नळ उघडण्यापूर्वी त्या खोलीत किती हवा आहे आणि सिलिंडरमध्ये किती वायू आहे, एवढा हिशेब मांडला तरी बऱ्याच दुर्घटना टळतील.